कदमताल

आमच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटच्या पाच आडव्या रेघा मारलेल्या आहेत. दोन रेघांमध्ये बरोबर दोन विती अंतर. गॅसची टाकी घेऊन आलेल्या पोरानं एकदा विचारलं, "काकू, लेकरं लंगडी खेळतेत का इथं?" मी म्हटलं, "मीच खेळते." तो हसला. मी खरंच सांगत होते.

आधी त्या रेघा रांगोळीच्या होत्या. पण रांगोळीवरून पाय सरकतो, आणि सासूबाई सकाळी केर काढताना त्या रोज पुसून टाकायच्या. मग यांनी गेटला रंग देऊन उरलेला डबा काढला, माझ्या पावलाचं माप घेतलं आणि कायमच्याच मारून टाकल्या.

मला पार्किन्सन्स आहे. गोळीचा असर उतरत आला असेल, किंवा हातात ताट-तांब्या असेल, की दारात माझे पाय जमिनीला खिळतात. धड पुढं निघालेलं असतं, पाय जागीच थरथरत असतात. अशा वेळी कुणी मदत म्हणून हात ओढला तर मी हमखास पडणार. तेव्हा खाली बघायचं आणि पहिली रेघ ओलांडायची. चालता येत नसतं, पण ओलांडता येतं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. मलाही वाटली होती.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं. सगळी नोकरी अंबाजोगाई आणि केज तालुक्यात. या आजाराची पहिली चाहूल फळ्यावरच लागली होती, फक्त ती चाहूल आहे हे कळलं नाही. सुविचार लिहायला घेतला की पहिला शब्द ठसठशीत, आणि ओळ संपेस्तोवर अक्षर मुंगीएवढं. मागच्या बाकावरून पोरं ओरडायची, "बाई, शेवटचं दिसंना!" मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. त्याच सुमारास हिंगाच्या फोडणीचा वास येईनासा झाला. ती सर्दी समजले. मग उजवा खांदा दुखायला लागला आणि आठ महिने खांदा आखडल्याचे उपचार झाले. शेक, मालिश, दोन इंजेक्शनं, वर 'तुम्ही हात हलवतच नाही' हा ठपका. हात का हलत नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्या आठ महिन्यांचा राग माझा अजून गेलेला नाही.

शेवटी धाकट्या बहिणीनं पकडलं, तेही भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत. वरातीत सगळ्या बायका हात झुलवत चाललेल्या आणि माझा उजवा हात पोटाशी. "ताई, बगलेत पर्स धरल्यासारखा हात कशाला धरलास गं? पर्स तर माझ्याकडं होती." तिनं तो तुकडा चार वेळा लावून दाखवला.

२०१८ च्या पावसाळ्यात लातूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली, मूठ उघड-मीट करायला लावली, बाहेरच्या बोळातून चालवलं, मग पाठीमागं उभं राहून खांद्याला हलकाच झटका दिला. मी दोन पावलं मागं गेले. एमआरआय काढला तो दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी. पार्किन्सन्स ठरतो तो असा बघून, तपासून. यांना पटेना. "पण हिचा हात थरथरत तर नाही." डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचा थरथरत नाही, ताठरपणा आणि मंदपणा हीसुद्धा त्याचीच रूपं. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सननं सहा रुग्णांची निरीक्षणं लिहिली तेव्हा नाव कंपावरूनच दिलं, आपल्याकडेही कंपवातच म्हणतात, त्यामुळं लोकांच्या डोक्यात कंप बसलाय तो बसलाच.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, हे त्यांनी समजावलं. चालताना हात हलणं, पापणी मिटणं, कुशीवर वळणं ही कामं मेंदू आपल्याला न विचारता उरकत असतो. ती आता अडणार. घरी येताना गाडीत मी ते माझ्या भाषेत लावून बघितलं. शाळेत हेडमास्तर आहेत, पण शिपाई रजेवर. घंटा आता हेडमास्तरांनीच वाजवायची, दरवेळी, आठवणीनं.

डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पहिली दोन-तीन वर्षं त्यांनी झाकून नेली. डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. शाळा, घर, सासूबाई, दोन मजल्यांचा जिना. आणखी कसला व्यायाम, असं आपलं वाटायचं. २०२१ ला निवृत्त झाले आणि जिना, शाळा, चालत जाणं हे सगळं एकदमच सुटलं.

पुढच्या उन्हाळ्यात पडले.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस भांडी घेऊन धावतो. मी भरलेली बादली घेऊन न्हाणीकडे निघालेले, तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारलं, "बाई, मोटार लावली का तुमची?" मी उत्तर द्यायला वळले. एवढंच. डोकं वळलं, बादली वळली, पाय वळलेच नाहीत. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

नंतर कळलं की त्या एका क्षणात मी तीन गोष्टी एकदम केल्या होत्या: ओझं, बोलणं आणि जागच्या जागी वळणं. माझ्यासारख्याला तीनही स्वतंत्रपणे जमतात. एकत्र नाही.

प्लास्टर निघालं, पण खिडकीजवळची निळी प्लास्टिकची खुर्ची सुटली नाही. घरचे सगळे प्रेमळ. "तू बस, मी करतो." "आई, उठू नकोस, पाणी आणते." "वहिनी, ऱ्हाऊ द्या." ताट हातात, गोळी हातात, चप्पल पायात. आठ महिने मी त्या खुर्चीत बसून रस्त्यावरची रहदारी बघितली. गुडघे ताठले, पोट साफ होईना, रात्री झोप नाही, आवाज इतका बारीक झाला की हे प्रत्येक वाक्याला "आँ?" करायचे. लेव्होडोपाचा डोस दोनदा वाढला. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई काठी टेकत योगेश्वरीच्या देवळात जाऊन यायच्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "काय गं, खुर्चीला चिटकलीस का काय?" तेव्हा मला ते फार लागायचं. घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, हे आता कळतं.

फिजिओथेरपीला एक मुलगी घरी यायला लागली. माझ्या लेकीपेक्षा लहान. तिचं सगळं मोठं: मोठं पाऊल टाका, मोठा हात झुलवा, मोठ्यानं मोजा. ती म्हणायची, तुम्हाला जे नेहमीचं पाऊल वाटतं ते प्रत्यक्षात अर्धंच पडतं, म्हणून अतिशयोक्ती वाटेल एवढं टाका, तेव्हा ते बरोबर पडेल. माझ्या अक्षरासारखंच होतं ते. वळायचं कसं हेही तिनंच शिकवलं, जागेवर गिरकी नाही, चार-पाच पावलांत मोठं वळण घेऊन. मी त्याचं केलं: एसटीसारखं वळायचं, रिक्षासारखं नाही.

पण ती "वन, टू, थ्री" मोजायची आणि माझे पाय त्यावर काही केल्या लागत नव्हते. एके दिवशी ती यायच्या आधी मी मागच्या दारात खिळले. घरात कुणी नव्हतं. दहा मिनिटं असेन तशीच, चौकट धरून. रडू यायला लागलं, आणि कुठून कोण जाणे, तोंडातून मैदानावरचा आवाज निघाला: "एक साथ... सावधान! कदमताल... शुरू कर! एक-दो, एक-दो!"

आणि पाय उचलले गेले. आधी जागेवर, मग चौकटीबाहेर, मग थेट तुळशीपर्यंत. तिथं "थम!" म्हटल्यावर थांबलेसुद्धा.

(शाळा मराठी, पोरं मराठी, बाई मराठी, पण कवायतीचे हुकूम आमच्याकडे हिंदीतच. का, ते मी ३४ वर्षांत विचारलं नाही.)

त्या मुलीला सांगितलं तर ती खूश झाली. म्हणाली, आतून आपोआप येणारी आज्ञा अडते, तेव्हा बाहेरून मिळालेली आज्ञा मेंदू दुसऱ्या वाटेनं नेतो. जमिनीवरची रेघ, टाळी, मोजणं, सगळी त्याचीच रूपं. रेघांची कल्पना त्या दिवशीची. आणि जिना चढताना मी कधीच का अडकत नाही, याचं उत्तरही मिळालं. जिना म्हणजे रेघाच की सगळ्या. एसटीत चढणं मला स्टँडच्या सपाट फरशीवरून चालण्यापेक्षा सोपं जातं, तेही त्यामुळंच.

तेव्हापासून माझा दिवस गोळीच्या घड्याळावर बांधलेला आहे. सहाला गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. दूध, वरण, अंडं यांतली प्रथिनं या गोळीच्या वाटेत येतात, म्हणून चहासुद्धा अर्ध्या तासानं. अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटं काठावर बसते. एकदम उठलं की रक्तदाब घसरून डोळ्यांपुढं अंधारी येते. पावणेसात-सातपर्यंत गोळी 'लागते'. कसं कळतं? चपलेत पाय एका झटक्यात जातो. जात नसेल तर थांबायचं. मग मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यानं चालायला निघते. बालाघाटचा डोंगर असल्यानं रस्ता चढ-उताराचा आहे. चढ मला आवडतो. उतारावर पावलं आपोआप बारीक आणि भरभर पडायला लागतात, तोल पुढं जातो, तिथं मी मुद्दाम थांबून पुन्हा "एक-दो" सुरू करते.

रस्त्यावरच्या बायकांचा आधी गैरसमज झाला. त्या गप्पा मारत चालतात. मला चालताना बोलता येत नाही, बोलताना चालता येत नाही. 'बाईंना पेन्शनचा गर्व चढलाय' इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी एकदा पुलाच्या कठड्यावर बसून सगळं सांगितलं. आता त्यांतली एकच जण माझ्याबरोबर मुकाट चालते. बाकीच्या पुढं जातात. त्यांचंही बरोबर आहे, सकाळच्या गप्पांसाठीच तर त्या घराबाहेर पडतात.

एप्रिल-मे मात्र वेगळा. पारा ४२ च्या पुढं गेला की साडेसातलाच झळा लागतात आणि आमचा रक्तदाब आधीच खाली. त्या दोन महिन्यांसाठी यांनी लेकीची जुनी सायकल काढली. तिचं मागचं स्टँड लावलं की मागचं चाक उचललं जातं आणि पायडल मारता येतं. पण सायकल कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी विटा लावल्या आणि हँडल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलं. व्यायामाची सायकल घ्यायची तर बरेच पैसे लागले असते. या सायकलीला खर्च सुतळीचा.

सायकलीवर मला पहिल्या दिवसापासून नवल वाटतं. जमिनीवर अडकणारे पाय पायडलवर अडकत नाहीत. एक पाय खाली गेला की दुसरा वर येणारच, त्याला विचारावं लागत नाही. २०१० साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशाच एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकिगत लिहिली होती. चार पावलं नीट टाकता येत नव्हती, पण सायकल मात्र तो रस्त्यावर सफाईनं चालवायचा. रस्त्यावर मी नेणार नाही. माझी सायकल खिडकीला बांधलेलीच बरी.

लेकीनं पुण्याहून अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा मजकूर पाठवला होता. १२८ रुग्ण, सहा महिने. एका गटाला आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर इतकं जोरात चालवायचं की नाडीचे ठोके कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जावेत. त्यांची लक्षणं सहा महिन्यांत फारशी वाढली नाहीत. नेहमीसारखं राहणाऱ्यांची वाढली. निकाल छापला गेला २०१८ सालीच, म्हणजे मी लातूरच्या त्या बोळातून चालून दाखवत होते त्याच वर्षी. अर्थात ते लोक आजाराच्या अगदी सुरुवातीचे होते, गोळ्याही सुरू झालेल्या नव्हत्या, माझं गणित त्यांच्याशी जुळणार नाही. तरी मी डॉक्टरांना विचारलं, मी किती जोरात चालू? त्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घेतली आणि मग माप दिलं: बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये एवढा दम लागला पाहिजे. मला तर चालताना बोलताही येत नाही, म्हणून मी थांबून एक वाक्य बोलून बघते. झाडं ऐकतात.

पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचं मित्रमंडळ आहे, नृत्याचे वर्गसुद्धा चालतात. लेक म्हणते, इकडंच ये. इथं यातलं काही नाही हे खरं. इथं सल्ले भरपूर. खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण तर तीन जणांनी आणून दिलं. त्या बियांत लेव्होडोपा असतं, हे काही खोटं नाही. पण म्हणूनच ते माझ्या गोळीवर आणखी एक गोळी घेतल्यासारखं होईल, आणि चमच्यात ते किती आलं हे कोण मोजणार? डॉक्टर नको म्हणाले. चूर्ण माळ्यावर आहे.

हाताचा व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो चार दिवसांत कोचाखाली गेला. माझा हाताचा व्यायाम म्हणजे भाकरी. माझी भाकरी अक्षरासारखीच बारीक होत गेली होती. सुरुवातीला काठवटभर निघायची, नंतर नंतर तळहाताएवढ्या पुऱ्या व्हायला लागल्या आणि त्याही एका बाजूला जाड. खुर्चीच्या काळात घरच्यांनी भाकरी माझ्याकडून काढूनच घेतली होती. ती भांडून परत घेतली. आता सकाळी अकराच्या गोळीनंतर, गोळी लागली की, ज्वारीचं पीठ मळायला बसते. उजव्या हातानं थाप, डाव्यानं फिरव, तोंडानं मोठ्यानं मोजणी. मोजलं नाही तर आठव्या थापेपासून हात आक्रसतो. पीठ काठवटीच्या काठाला लागलं पाहिजे हीच माझी रेघ. दोन भाकरी होतात, कधी तीन. तव्यावर टाकायचं काम सूनबाईचं; तव्याशी मी खेळ करत नाही. परवा तिसरी भाकरी उचलताना फाटली. सासूबाईंनी तीच मागून घेतली आणि खाताना म्हणाल्या, "कडंला कच्ची हाय."

सगळे दिवस असे नसतात. गोळी चार तास पुरायची, आता तीन तासांतच उतरते. मागच्या दिवाळीत सलग पाच दिवस मी बाहेर पडले नाही, कदमताल नाही, सायकल नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून. आजाराबरोबर मनही उतरतं, आणि ते आळसासारखं दिसतं, घरच्यांनाही आणि आपल्यालाही. सहाव्या दिवशी हे दारात उभे राहून, आयुष्यात कधी कवायत न केलेला माणूस, ओरडले: "सावधान!" हुकूम साफ चुकीचा. झोपलेल्याला सावधान देत नाहीत. ते सांगायला म्हणून उठले.

या वर्षी पंचमीला केजजवळच्या माहेरी गेले होते. अंगणात बायकांनी फेर धरला. बहिणीनं आधी "तू बस ओट्यावर" म्हटलं आणि माझं तोंड बघून गप्प झाली. एका हाताला ती, दुसऱ्या हाताला चुलत वहिनी. गाणं सुरू झालं, पाय पडला, दुसरा पडला. तीन फेरे झाले. एकदाही अडकले नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा ठेका पायात तसाच होता, कुणी रजेवर गेलेलं नव्हतं.

मग गाणं संपलं. हात सुटले, बायका पाणी प्यायला पांगल्या आणि मी अंगणाच्या मध्यावर खिळून उभी. कदमताल म्हणावं तर दम लागलेला, आवाज फुटेना. बहिणीची नात आली, पहिलीत आहे. "आजी, चल ना."

"गाणं म्हण," मी पुटपुटले. "म्हटलंस तर येते."

तिला पंचमीचं गाणं येत नव्हतं. पाढा येतो म्हणाली. मी म्हटलं, म्हण. बे एके बे ऐकायची माझी तयारी. पोरगी इंग्रजी शाळेतली. हात मागं बांधून, मान हलवत तिनं सुरू केलं, "टू वन जा टू, टू टू जा फोर..."

ओट्यापर्यंत पोचलो तेव्हा टू एट जा सिक्स्टीन झालं होतं.